अन्नाचें अन्न

जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलेल्या मनुष्यानें किड्यांच्या जेवणावर लेख लिहावा, हें पाहून कित्येक वाचकांस हसूं येईल. लिहावयास बसतांना मलाही तें आलें. परंतु आमच्या घरीं गेल्या दीड वर्षांत जें घडलें तें आठवलें म्हणजे या विषयाची थट्टा करण्याचा अधिकार मजपाशीं उरला नाहीं असें वाटतें. हल्लीं शहरांतील मुलें कुत्रें, मांजर, रंगीत मासे यांवर समाधान न मानतां परदेशी सरडे पाळूं लागलीं आहेत. आमच्या मीरा-भाईंदरांत, जेथें दोन-तीन खोल्यांत तीन पिढ्या नांदतात, तेथेंही हा प्रकार येऊन पोंचला आहे. ज्यांच्या घरीं तो आला असेल किंवा येऊं घातला असेल, त्या घरांतील वडील मंडळींस चार अनुभवाच्या गोष्टी सांगाव्या, एवढाच या लेखाचा हेतु.

अगस्तीचें आगमन

माझा नातू नववींत असतांना त्याच्या मामानें त्यास वाढदिवसाला एक सरडा आणून दिला. त्याचें इंग्रजी नांव बेअर्डेड ड्रॅगन. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांतील रुक्ष मुलुखांत ही जाति राहते. रागावला म्हणजे तो हनुवटीखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो व दाढी वाढविलेल्या ऋषीसारखा दिसूं लागतो. म्हणून मींच त्याचें नांव अगस्ती ठेविलें. वातापीला पोटांत जिरविणारा तो ऋषि, आणि हाही त्या वयांत दिवसाकाठीं वीस-तीस वातापि सहज जिरवी!

अमरकोशांतील सरट, कृकलास, गृहगोधिका हीं नांवें मीं शेंकडों मुलांकडून पाठ करून घेतलीं आहेत. परंतु त्या कुळांतील एखाद्या प्राण्याकडे निरखून पाहण्याचा योग साठी उलटल्यावर आला. प्राणी स्वभावानें मोठा शांत. सकाळीं दिव्याखालीं अंग शेकीत बसावें, दुपारीं नातवाच्या खांद्यावर चढून त्याच्या वहींत पाहावें, आणि दिवेलागणीस झोपीं जावें, असा त्याचा नेम. थोड्याच दिवसांत आम्हां सर्वांस त्याचा लळा लागला.

अडचण होती ती त्याच्या आहाराची. ही जाति मोठेपणीं बहुतांशीं पाला खाते. परंतु वाढत्या वयांत तिला किडे लागतात. बाजारांत यासाठीं पाळलेले रातकिडे मिळतात, आणि मीलवर्म नांवाच्या पिवळसर अळ्या मिळतात. या अळ्या म्हणजे पिठांत वाढणाऱ्या एका काळ्या भुंग्याचीं पिल्लें; आपल्या डब्यांतील पिठाला लागणाऱ्या तांबड्या किड्याच्याच कुळांतलीं. आमचें घर शाकाहारी. प्रथम ही डबी घरांत आली तेव्हां आमचें कुटुंब म्हणालें, “अहो, जन्मभर पीठ चाळून किडे बाहेर काढले, आतां म्हातारपणीं पीठ घालून किडे वाढवावयाचे कीं काय?” अखेर गॅलरींतील एक कोपरा, घट्ट झांकणाचे दोन डबे, आणि स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडण्याची अट, एवढ्यावर तह झाला.

पुढें महिनाअखेर चिरंजीवांनीं हिशेब मांडला. सरड्याच्या किड्यांचा खर्च घरच्या दुधाच्या खर्चाच्या बरोबरीस येऊं लागला होता. मी शाळामास्तर, काटकसर अंगांत मुरलेली. या अळ्या गव्हाच्या कोंड्यांत आपोआप वाढतात असें नातवानें कोठेंसें वाचून सांगितलें. कोपऱ्यावरील गिरणीवाला कोंडा जवळजवळ फुकट देई. मीं लगेच ठरविलें कीं, अळ्या घरींच वाढवाव्या आणि त्यांस कोंड्याशिवाय कांहीं घालूं नये. सहा महिने हा कारभार सुरळीत चालला व मला माझ्या व्यवहारज्ञानाचा थोडा अभिमानही वाटूं लागला.

कोंड्याची चूक

श्रावणांत अगस्तीची चाल बदलली. पूर्वीं लांकडावर सरसर चढणारा तो आतां पोट घांसटीत चालूं लागला. पायांचीं बोटें मधून मधून थरथरत. किड्यावर झेंप घातली तर नेम चुके, आणि सांपडलेला किडाही नीट चावतां येत नसे. आम्हीं म्हटलें, पावसाळी हवा आहे, सुस्ती आली असेल. आमचें कुटुंब त्या कोपऱ्याकडे सहसा फिरकत नसे. त्या दिवशीं दारांतूनच पांच मिनिटें पाहून तें म्हणालें, “हा मुडदूस आहे हो. माझ्या माहेरीं शेजारच्या पोराचे पाय असेच वांकले होते.”

पशुवैद्यांनीं क्ष-किरणांचें चित्र काढलें तेव्हां निदान तेंच ठरलें. हाडें पोकळ वेळूसारखीं विरळ दिसत होतीं. एका मागच्या पायाचें हाड वांकलें होतें. जबडा बोटानें दाबला तर लवत होता. पशुवैद्यांनीं विचारलें, “हा काय खातो?” मीं उत्तर दिलें, “अळ्या.” त्यांनीं पुन्हा विचारलें, “आणि अळ्या काय खातात?”

वाचकहो, पस्तीस वर्षें मीं मुलांस प्रश्न विचारले. परंतु हा साधा प्रश्न मला सहा महिन्यांत एकदांही सुचला नव्हता. घरीं येईपर्यंत नातू एक शब्द बोलला नाहीं. त्याची चूक असती तर मीं त्यास चार शब्द ऐकविले असते. चूक माझी होती, आणि तो मला कांहींच म्हणाला नाहीं.

अन्न आणि अन्नाद

विज्ञानाचें माझें शिक्षण मॅट्रिकपुरतें. तरी पशुवैद्यांनीं सांगितलेलें आणि मागाहून नातवासह वाचलेलें जें मला समजलें, तें सांगतों.

मनुष्य, गाय, सरडा यांचा सांगाडा शरीराच्या आंत असतो व तो मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस या दोन द्रव्यांचा घडलेला असतो. किड्यास हाडें नाहींत. त्याचें कवच निराळ्याच द्रव्याचें असतें व त्यांत चुन्याचा अंश नांवापुरताच. त्यामुळें रातकिड्याच्या देहांत कॅल्शियमच्या सुमारें सातपट फॉस्फरस असतो. मीलवर्ममध्यें तर पंधरापटींहून अधिक. सरड्यास याच्या उलट प्रमाण हवें असतें. त्याच्या आहारांत कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकें, आणि शक्यतों दीडपट ते दुप्पट असावें. फॉस्फरस फाजील झाला म्हणजे तो अन्नांतील थोडकें कॅल्शियमही अंगीं लागूं देत नाहीं. मग शरीर आपल्याच हाडांतून तें काढून घेऊं लागतें. कर्जानें चालणाऱ्या संसाराप्रमाणें बाहेरून कांहीं दिवस सर्व ठीक दिसतें, आणि एके दिवशीं भिंत खचते.

त्यांत माझ्या कोंड्यानें भर घातली. गव्हाच्या कोंड्यांत कॅल्शियमच्या दसपटींहून अधिक फॉस्फरस असतो. म्हणजे मुळांत ज्या किड्यांत कॅल्शियमचा दुष्काळ, त्यांच्या पोटांतही मीं दुष्काळच भरला.

मग जगांतील सरडे जगतात कसे? आमच्या दिवाणखान्यांतील पालीकडे पाहावें. ट्यूबलाइटजवळ बसून ती कधीं पतंग टिपते, कधीं डांस, कधीं कोळी, कधीं मुंगीचें पांखरूं. त्या प्रत्येकानें निरनिराळ्या अन्नावर आपलें पोट भरलेलें असतें. तिच्या ताटांत रोज नवें वाढलेलें असतें, आणि आवडनिवड करण्यास ती मोकळी आहे. कांचेच्या पेटींतील प्राण्यास आपण ती मोकळीक ठेवीत नाहीं. आपण देऊं तें एकच अन्न, आणि त्या अन्नास आपण देऊं तेंच अन्न.

ही गोष्ट आपणांस अपरिचित नाहीं. म्हशीला सरकी-पेंड घातली कीं दुधाला सायीचा थर येतो, हें गौळीवाड्यांतील पोरही जाणतें. रेशमाच्या किड्यास तुतीचा पाला निकृष्ट मिळाला तर कोष हलका उतरतो, हें मराठवाड्यांतील रेशीम उत्पादकांस सांगावें लागत नाहीं. तैत्तिरीय उपनिषदांत अन्न आणि अन्नाद, म्हणजे खाल्लें जाणारें आणि खाणारा, ही जोडी आली आहे. तो पाठ मीं कितीदां म्हटला असेल! परंतु आजचा अन्नाद उद्यां कोणाचें तरी अन्न असतो, आणि म्हणून त्याच्या पानांत काय पडतें हें पाहणें प्राप्त आहे, हा अर्थ मला गॅलरींतील डब्यानें शिकविला.

स्वयंपाकघरांतील भांडार

आतां उपायांकडे वळूं. यासाठीं परदेशी डबे विकत घेण्याचें कारण नाहीं. जें हवें तें बहुतेक मराठी घरांत आहे; कित्येक वस्तु तर आपण ओल्या कचऱ्याच्या बादलींत टाकतों.

पहिला मान नाचणीचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं भारतीय खाद्यपदार्थांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं आहेत. त्यांत शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमहून थोडें अधिक कॅल्शियम दाखविलें आहे. गव्हांत तें चाळीसच्या आसपास, आणि तांदुळांत त्याहूनही पुष्कळ कमी. आपल्या नेहमींच्या धान्यांत जिच्यांत फॉस्फरसपेक्षां कॅल्शियम अधिक, अशी ही एक नाचणीच. शंभर रुपयांच्या आंत किलोभर मिळते, आणि शंभर-दीडशें किड्यांस ती महिनाभर पुरून उरते.

दुसरा मान शेवग्याच्या पाल्याचा. शंभर ग्रॅम ताज्या पाल्यांत तीनशेंहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. इमारतीच्या आवारांत एखादें झाड असलें तर तो फुकट मिळतो. सावलींत वाळवून चुरून ठेवला कीं पुष्कळ दिवस टिकतो. कढीलिंबांत तर याच्या दुप्पट कॅल्शियम आहे. पोह्यांतून वेंचून ताटाच्या कडेला ठेवलेलीं नव्हेत, तर जुडींतील जून, न वापरलेलीं पानें घ्यावीं. तिळांत कॅल्शियम पुष्कळ आहे. परंतु तेलही पुष्कळ, म्हणून चिमूटभरच घालावे.

आमच्या घरीं किड्यांचा रोजचा कोरडा खुराक असा करतों: नाचणीचें पीठ दोन वाट्या, गव्हाचा कोंडा एक वाटी, शेवग्याच्या पाल्याचा चुरा अर्धी वाटी, फुटाण्याच्या डाळ्याचें पीठ दोन चमचे आणि तिळाचें कूट एक चमचा. कोंडा सर्वस्वीं टाकावा असें नाहीं. अळ्यांस अंग लपविण्यास व वाढण्यास तो चांगला. मात्र त्याच्या जिवावर राहूं नये. डाळ्याचें पीठ थोडें असावें. कारण नत्रयुक्त अन्न कमी पडलें म्हणजे रातकिडे एकमेकांस खाऊं लागतात.

पाण्याची वाटी किड्यांस ठेवूं नये. तींत ते बुडून मरतात. पाणी भाजीच्या फोडींतून मिळूं द्यावें. गाजराचे शेंडे, तांबड्या भोपळ्याची साल, दुधी आणि दोडक्याच्या साली, रताळ्याचे तुकडे, मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या कोंवळ्या काड्या यांपैकीं जें त्या दिवशीं चिरलें जाईल तें चालतें. गाजर व तांबडा भोपळा विशेष चांगला. किड्यांच्या देहांत अ जीवनसत्त्व फार थोडें असतें, आणि त्याची भरपाई या केशरी भाज्या करतात. फोडी दुसऱ्या दिवशीं काढून टाकाव्या. भाईंदरची पावसाळी हवा वाचकांस ठाऊक आहे. खाडीकडून आणि समुद्राकडून, दोन्हीकडून दमटपणा येतो. या दिवसांत पीठ मंद आंचेवर कोरडें भाजून, निववून मगच डब्यांत घालावें, नाहीं तर बुरशी धरते.

शेवटचे दोन दिवस

येथवर सांगितलेल्या खुराकानें किडा निरोगी होतो. परंतु सरड्याच्या हाडांस लागणारें सर्व कॅल्शियम एवढ्यानें भरून निघत नाहीं. हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कारण “घरगुती आणि नैसर्गिक” एवढ्यावर विसंबून दुसरी चूक करणें सोपें आहे. किड्याच्या देहांत कॅल्शियम सांठत नाहीं; तें केवळ त्याच्या आंतड्यांतील अन्नांत असतें. म्हणून सरड्यास देण्यापूर्वींचे दोन दिवस किड्यास निराळें जेवण द्यावें लागतें. रातकिड्यांवरील प्रयोगांत असें आढळलें आहे कीं, त्या दोन दिवसांच्या आहारांत शेंकडा आठ इतकें कॅल्शियम असलें म्हणजे प्रमाण सुधारतें. आतां कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटींत वजनानें शेंकडा चाळीस कॅल्शियम असतें. तेव्हां त्रैराशिक मांडलें तर वरील पीठ चार भाग व ही भुकटी एक भाग, असें मिश्रण येतें. हें मिश्रण दोन दिवसच द्यावें. त्यावरच ठेवले तर किडे मरूं लागतात.

याशिवाय, वाढविण्याच्या वेळीं पांच-सहा किडे एका लहान डबींत घेऊन चिमूटभर भुकटी टाकावी व डबी हलवावी. पुरणपोळीला पिठी लावावी तसे ते पांढरे होतात. लगेच सरड्यापुढें ठेवावे; उशीर केला तर किडे स्वतःचें अंग चाटूनपुसून साफ करतात आणि भुकटी फुकट जाते.

ही भुकटी औषधांच्या दुकानांत स्वस्त मिळते. मला प्रथम शाळेंतील खडू आठवले. परंतु हल्लींचे खडू बहुधा जिप्समचे असतात. त्याचें द्रव्य निराळें, त्यांत रंग आणि चिकटाही असतो, म्हणून ते उपयोगाचे नाहींत. विड्याचा चुना तर मुळींच घालूं नये. तो दाहक आहे, त्यानें तोंड आणि आंतडीं भाजतात. जुन्या औषधींतील समुद्रफेन मात्र चालतो. माकूल जातीच्या जलचराच्या पाठींतील ही पांढरी, हलकी ढलपी म्हणजे बहुतांशीं कॅल्शियम कार्बोनेटच. आमच्याच शहरांतील उत्तन हें कोळ्यांचें गांव; तेथील एका कोळीणबाईंनीं मला पिशवीभर ढलप्या पैसे न घेतां दिल्या. “मास्तर, सरड्याला कां?” म्हणून ती मनमोकळी हसली. या ढलप्या तीन-चार दिवस पाणी बदलीत भिजवून खारटपणा घालवावा, कडक उन्हांत वाळवाव्या, आणि वस्त्रगाळ कराव्या.

अळ्यांच्या जातींत एक अपवाद सांगण्याजोगा आहे. ब्लॅक सोल्जर फ्लाय नांवाच्या माशीच्या अळींत फॉस्फरसच्या दुपटींहून अधिक कॅल्शियम स्वभावतःच असतें. हीच अळी स्वयंपाकघरांतील ओला कचरा खाऊन त्याचें खत करते, म्हणून कित्येक ठिकाणीं कचऱ्याची विल्हेवाट लावण्यासाठीं ती मुद्दाम वाढवितात. आपल्या शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो, आणि त्याच्या दुर्गंधीची कागाळी आपण नेहमीं ऐकतों. भाजीची साल बादलींत न पडतां किड्याच्या मुखीं पडली, तर तेवढाच त्या डोंगरावरील भार हलका.

काय देऊं नये

पालक, चाकवत आणि बिटाचा पाला हिरवागार दिसतो. परंतु त्यांतील ऑक्सॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून टाकतें, म्हणून तो टाळावा. फोडणीचा भात, मीठ-मसाल्याची उरलेली भाजी, तळण, गोडधोड हें किड्यांस घालूं नये. कांदा-लसणाच्या सालीही नकोत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एकदां बाजारांतून आणलेल्या कोबीचीं वरचीं पानें मीं न धुतां डब्यांत टाकलीं. सकाळीं पाहिलें तों निम्मे रातकिडे उताणे पडलेले. पिकावर फवारलेलें कीटकनाशक कीटकांस मारतें, यांत नवल नाहीं; परंतु त्याच कोबीची भाजी त्या रात्रीं आमच्या पानांत होती, हें लक्षांत आल्यावर घरांत सर्वजण क्षणभर गप्प झाले. तेव्हांपासून किड्यांसाठीं म्हणून भाजी मिठाच्या पाण्यांत भिजवून, वाहत्या पाण्याखालीं धुण्याची जी शिस्त लागली, तिचा लाभ आम्हां माणसांसही झाला.

याच कारणानें घरांतील झुरळें आणि बाहेर पकडलेले किडे सरड्यास देऊं नयेत. त्यांनीं कोणतें विष किंवा कोणते जंतु पोटांत बाळगले आहेत हें सांगतां येत नाहीं. पावसाळ्याच्या तोंडीं घोडबंदरच्या बाजूस झाडीं काजव्यांनीं लुकलुकतात व मुलें ते बाटलींत भरून आणतात. हे चुकूनही पेटींत टाकूं नयेत. अमेरिकेंत या जातीचे सरडे एखाद-दुसरा काजवा खाऊन तासा-दोन तासांत मेल्याचीं उदाहरणें नोंदलेलीं आहेत.

आणि आहार कितीही उत्तम असला तरी प्रकाशावांचून तो व्यर्थ आहे. कॅल्शियम अंगीं लागण्यास ड जीवनसत्त्व लागतें, आणि तें सूर्याच्या अतिनील किरणांनीं त्वचेंत तयार होतें. खिडकीच्या कांचेंतून हे किरण आंत येत नाहींत. सकाळचें कोंवळें ऊन, जाळीचा पिंजरा, अर्ध्या भागांत सावली, आणि कावळ्या-घारींपासून राखण, अशी व्यवस्था असावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठीं त्या किरणांची खास नळी घ्यावी लागते, व ती दिसावयास उजळ असली तरी ठराविक मुदतीनें बदलावी लागते. या एका खर्चांत काटकसर करूं नये. ड जीवनसत्त्वाची तयार भुकटी पशुवैद्यांस विचारल्यावांचून घालूं नये. ती जादा झाल्यास अपाय करते.

दोन शब्द धर्माचे आणि कायद्याचे

आमच्या घरीं या गोष्टीवरून जो वाद झाला तो लपवून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. कुटुंबाचें म्हणणें असें कीं, एका जिवाच्या हौसेसाठीं शेंकडों जीव मारणें हें आपल्या घरांत शोभत नाहीं. यावर माझ्यापाशीं चोख उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. हा प्राणी घरांत आणण्यापूर्वीं कोणीं माझा सल्ला विचारला असता तर मीं नको म्हटलें असतें. परंतु तो आला. त्यास परत सोडावयास त्याचें अरण्य येथें नाहीं, आणि त्याची जात बदलणें आपल्या हातीं नाहीं. मुडदुसाचें निदान झालें त्या रात्रीं कुटुंबच म्हणालें, “दारांत आणलेल्याला उपाशी ठेवणें हेंही पापच कीं.” दुसऱ्या दिवशीं शेवग्याचा पाला गॅलरींत वाळत पडलेला दिसला. तेव्हांपासून आमचा एक नियम ठरला आहे: किड्यांचा डबा स्वच्छ असावा, दाटी नसावी, आणि एकही दिवस त्यांस उपाशी ठेवूं नये. ज्याचा प्राण आपण घेणार, त्याच्या पोटाची चिंता आपणच वाहिली पाहिजे.

कायद्याचीही जाण हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घोरपड, शॅमेलिऑन सरडा, तारांकित कांसव, इतकेंच काय पण आपला हिरवा पोपटही घरीं ठेवण्यास मनाई आहे. या कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. तिच्या अन्वयें, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या ज्या परदेशी जाति कायद्याच्या चौथ्या परिशिष्टांत आहेत, उदाहरणार्थ हिरवा इग्वाना, त्या बाळगणारांनीं सरकारीं नोंद केली पाहिजे. तिचे नियम २०२४ सालीं निघाले असून नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर होते. जात कोणती तें आधीं नीट विचारून घ्यावें व खरेदीची पावती जपून ठेवावी. कंटाळा आला म्हणून परदेशी प्राणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या झाडींत नेऊन सोडणें हा तर दुहेरी अपराध आहे. त्या प्राण्याचाही, आणि त्या वनाचाही.

आज अगस्तीस दीड वर्ष झालें. जबडा घट्ट झाला, बोटांची थरथर थांबली. वांकलेला पाय मात्र सरळ झाला नाहीं. तो तसाच राहील असें पशुवैद्य म्हणतात. तो लांकडावर चढतांना पाय बाहेर फेंकतो, आणि दर वेळीं मला त्या गिरणींतील फुकटच्या कोंड्याची आठवण होते. वयांत आल्यामुळें त्याचा आहार आतां बहुतेक पाल्याचा झाला आहे. किडे आठवड्यांतून दोन-तीन वेळांच लागतात, त्यामुळें घरांतील वादाची धारही बोथट झाली आहे. मध्यें एक रातकिडा निसटून देवघराच्या मागें जाऊन बसला व रात्रभर गात राहिला. कुटुंबानें त्यास वाटींत धरून गॅलरींतील डब्यांत नेऊन सोडलें, आणि त्याच्यापुढें भोपळ्याची फोड ठेवली.

ज्या घरीं मुलें असा प्राणी मागत असतील, तेथील आजीआजोबांनीं रागें भरण्यापूर्वीं त्यांस तीन प्रश्न विचारावे. हा काय खातो? जें तो खातो, तें काय खातें? आणि तुझी परीक्षा असेल त्या महिन्यांत या दोघांसही खावयास कोण घालील? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं तरच पुढचें बोलणें करावें. आमच्याकडे तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मीच आहें. नातवाची सहामाही परीक्षा चालू आहे, आणि नाचणीचें पीठ भाजून ठेवावयाचें आहे. म्हणून लेख येथेंच पुरा करतों.